बाने दारू सोडली त्यानंतर

आयच्या उजव्या कानाने ऐकू येणं बंद झालं त्या दिवशी घरात कोळंबीचं कालवण होतं आणि बाला ते खारट लागलं. कारण एवढंच. दाराशी वल्हं उभं होतं, त्याने ते उचललं. आय खाली पडली, मग उठली, कानातून आलेलं रक्त पदराने पुसलं आणि त्याला दुसरं काही करून द्यावं म्हणून परत चुलीपाशी बसली. मी मध्ये पडले नाही. मध्ये पडलं की तो आयला जास्त मारायचा, हे मला तोवर चांगलं कळलं होतं.

आमचं गाव तारापूरच्या बाजूला, समुद्राला लागून. बा मोठ्या काकाच्या बोटीवर खलाशी होता. पाण्यात असेपर्यंत त्याच्यासारखा माणूस नाही, असं सगळे म्हणत. बोट किनाऱ्याला लागली की तो थेट गुत्त्यावर जायचा आणि तिथून घरी यायचा तो वेगळाच माणूस असायचा. सकाळी शुद्धीवर आला की आयच्या पायाशी बसून रडायचा. आय त्याला चहा द्यायची. लहानपणापासून मी हे पाहत आले. बारावी झाल्यावर मी बोईसरला एमआयडीसीत एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागले, तेही मुख्यतः दिवसभर घराबाहेर राहता यावं म्हणून.

आय बोईसरच्या बाजारात मासळी विकायची. तिच्याकडे रविवारी एक माणूस यायचा. कुठल्याशा कंपनीत फिटर होता, सालवडला चाळीत राहायचा. मुलूख उत्तरेकडचा, बोलणं हिंदी, आणि तेही अडखळत. एक शब्द बाहेर यायला त्याला मान झटकावी लागायची. आय सांगते, तो बांगड्यांकडे नुसतं बोट दाखवायचा, कारण ‘बांगडा’ म्हणायला त्याला फार वेळ लागायचा. कान फुटल्यानंतरच्या रविवारी त्याने आयचा सुजलेला गाल पाहिला.

“कि-कि-किसने मारा?”

“माझ्याच मानसाने,” आय म्हणाली. “दुसरा कोण मारणार?”

मग त्याने घर कुठे आहे ते विचारलं. आयने सांगितलं आणि वर बजावलं, “येऊ नको. तुलापन मारेल.”

तो आला. दुपारची वेळ होती. बा ओट्यावर बसला होता, अर्धी बाटली पोटात गेली होती. मला सुट्टी होती म्हणून मी घरात होते. हा माणूस अंगणात चपला काढून उभा राहिला आणि हात जोडून सांगू लागला की मी प्रभूच्या नावाने तुमच्यासाठी प्रार्थना करायला आलो आहे. हे सांगायलाच त्याला एवढा वेळ लागला की शेजारच्या बाया बोंबील वाळत घालायचं काम टाकून कुंपणाशी आल्या.

“प-प-प-परभू!” बाने त्याची नक्कल केली. बाया हसल्या. बाला चेव आला. “प-प-प-परत बोल!”

त्याने परत सुरुवात केली. बा उठला आणि त्याच्या थोबाडीत मारली. ओठ फुटला. तो मागे झाला नाही. त्याने डावा हात बाच्या डोक्यावर ठेवला. बाने झटकला. त्याने परत ठेवला. बाने पोटात गुद्दा मारला, तो वाकला, पुन्हा सरळ झाला आणि हात पुन्हा तिथेच. मोठी प्रार्थना त्याला म्हणताच येत नव्हती. तोंडातून एकच शब्द सरळ येत होता, “येशू.” तो शब्द मात्र अजिबात अडखळत नव्हता. तेवढाच तो म्हणत राहिला.

मग बाचे गुडघे वाकले. मी दारात उभी होते, माझ्यापासून हातभर अंतरावर हे झालं. कोणी ढकललं नाही. दोरी सोडल्यावर शीड खाली यावं तसा तो बसला आणि लहान मुलासारखा ओरडून रडू लागला. मग ओकला. त्या माणसाच्या पायांवर ओकला. कुंपणाशी कोणी हसेना.

पुढचे दिवस वाईट गेले. बाला कापरं भरलं, भिंतीवर खेकडे चालताना दिसायला लागले, तो आयला दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाने हाका मारू लागला. त्या फिटरने कंपनीत सुट्टी टाकली आणि आमच्या पडवीत मुक्काम केला. रिक्षा करून बाला बोईसरला डॉक्टरकडे त्यानेच नेलं, सलाइन त्यानेच लावायला सांगितलं. डॉक्टर म्हणाला, एकदम दारू तोडली की झटके येऊन माणूस जातो, हा वाचला हे नशीब. मी औषधांच्या कंपनीत काम करते. डॉक्टर म्हणाला ते मला पटतं. पण तेवीस वर्षं रोज पिणारा माणूस त्या दुपारनंतर दारूला शिवला नाही, हेही मी पाहिलं आहे. त्याला काय म्हणायचं ते ज्याने त्याने म्हणावं. मी त्याला शक्ती म्हणते. त्या शक्तीनंतर आमच्या घरात काय काय झालं, तेही मग सांगायला हवं.

बा दर रविवारी सालवडला जाऊ लागला. तिथे प्रार्थनेची पत्र्याच्या छताची एक खोली, जमिनीवर सतरंजी, कंपन्यांतले कामगार आणि त्यांच्या बायका. गाणी हिंदीत. बाला हिंदी धड येत नव्हतं तरी तो डोळे मिटून टाळ्या वाजवायचा. थंडीत त्याने समुद्रात बुडी मारून बाप्तिस्मा घेतला. आय गेली नाही. तिने स्वच्छ सांगितलं, “तू जा. तुला गुन आला, माझं काय म्हननं नाय. माझी देवी माझ्यापाशी राहू दे.” बा तेव्हा हो म्हणाला. त्या थोड्या महिन्यांत आमच्या घरात पहिल्यांदा कोणी घाबरून जेवलं नाही. आय रात्री कूस बदलून झोपू लागली, नाहीतर ती कायम दाराकडे तोंड करून झोपायची.

गावाला ते सोसलं नाही. ‘बाटली सोडली आन् बाटला,’ अशी पोरांनीसुद्धा टिंगल सुरू केली. गुत्तेवाल्याचं गिऱ्हाईक गेलं, त्याचा राग वेगळा. मोठ्या काकाने बाला बोलावून सांगितलं, “बोटीची पूजा आमी सगल्यांनी करायची आन् तू हात बांधून उभा राहनार, असं नाय चालायचं. वादळात कोनाचं नाव घ्यायचं मग?” बाला बोटीवरून काढलं. ज्या बोटीच्या फळ्या त्याने स्वतःच्या हाताने घासल्या होत्या तिच्यावर पाय ठेवायची बंदी झाली. तो दुसऱ्यांची जाळी विणून देऊ लागला. थोड्याच दिवसांत जाळी द्यायलाही कोणी येईना.

होळीचा दुसरा दिवस होता. आमच्याकडे त्या दिवशी बोटी पाण्यात जात नाहीत, पुरुष सकाळपासून किनाऱ्यावरच पीत बसतात. बाला सालवडला जायचं होतं, रस्त्याला लागायचं तर किनाऱ्यावरूनच जावं लागतं. मी त्याच्याबरोबर निघाले होते, कारण मला बोईसरला मैत्रिणीकडे जायचं होतं. मोठ्या काकाने हाक मारली.

“ये रे, भाऊ. होलीच्या दिवशी भावाच्या हातची एक घे.”

“नाय, दादा. सोडली मी.”

“सोडली का सोडवली? तुझ्या देवात एवढी ताकद हाय तर एका घोटाने काय व्हतंय?”

बा चालत राहिला. चौघांनी त्याला मागून धरलं. हे सगळे त्याच्याबरोबर एकाच बोटीवर दिवस काढलेले लोक. त्यांनी त्याला वाळूवर उताणा पाडला, एकेकाने एकेक हातपाय धरला आणि मोठा काका त्याच्या छातीवर बसला. बाने दात घट्ट आवळले. काकाने बाटलीचं तोंड ओठांवर आपटलं. पुढचा दात तुटला. मग एकाने नाक दाबून धरलं, आणि श्वासासाठी तोंड उघडल्यावर काका ओतत राहिला.

“बघू दे आता! बघू दे तुझ्या येशूची ताकद!”

मी काकाला मागून ओढत होते. एका चुलत भावाने मला कंबरेत धरून उचललं आणि बाजूला नेऊन ठेवलं. त्याने मला काही केलं नाही, उलट हसत म्हणाला, “मजा हाय गं, होली हाय.” बाचे पाय वाळूत खणत होते. ढोल वाजतच होता. बाटली संपल्यावर ते उठले. बा कुशीवर वळला, दारू, रक्त आणि वाळू ओकला. त्यानंतर तो कितीतरी वेळ तसाच पडून राहिला. कोणी पाणी दिलं नाही.

मी त्याला घरी आणलं. आयने त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि ती जमिनीवर बसली. तिच्या चेहऱ्यावर मी तेव्हा पाहिलेली भीती मारहाणीच्या दिवसांतही पाहिली नव्हती. आम्हा दोघींना एकच भीती होती. चव लागली. आता उद्या तो स्वतःच्या पायाने गुत्त्यावर जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर भरलेली बाटली ठेवलेली होती. कोणी ठेवली हे विचारायची गरज नव्हती. बा बाहेर आला. मी दाराच्या आतून पाहत होते. तो बाटलीकडे बघत उभा राहिला, त्याच्या कपाळावर घाम आला, तुटलेल्या दाताच्या जागी तो जीभ फिरवत होता. मग तो बाटली ओलांडून विहिरीवर गेला. बाटली तिथेच राहिली. त्यानंतर ओट्यावर बाटली यायची बंद होईपर्यंत किती सकाळी गेल्या ते आठवत नाही. आय ती प्रत्येक बाटली उकिरड्यावर नेऊन फोडायची. बा एकदाही शिवला नाही. हे ज्यांनी ओतली त्यांनीही पाहिलं, आणि मला वाटतं, त्यांना त्याची थोडी भीती वाटायला लागली.

भीती वाटली की माणसं पाया पडायला येतात. आधी सालवडहून लोक आले, मग बेटेगावहून, मग पाड्यांवरून. होळीला दारू ओतूनही ज्याला चढली नाही असा माणूस, अशी त्याची ख्याती झाली. बा त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचा. एका बाईचा वर न जाणारा हात आमच्या अंगणात वर गेला. एका कामगाराची ताप न सोडणारी पोर दुसऱ्या दिवशी खेळायला लागली. काहींना काहीच झालं नाही, त्यांची चर्चा झाली नाही. बा आता खूप बोलायचा. पूर्वी दारू पिऊनही तो एवढा बोलला नव्हता. प्रार्थना करताना त्याचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. तो आजाराला हुकूम सोडायचा, बोट नाचवून, जसा पूर्वी आयला सोडायचा.

फिटर एकदा हे सगळं बघत बसला होता. लोक गेल्यावर तो बाला म्हणाला, “भा-भाई, हाथ ते-तेरा है. ता-ताकत तेरी नहीं है.”

बा हसला. “तुला बोलता येत नाय म्हनून तुला माझं बोलनं खुपतं.”

फिटर उठून निघून गेला. त्यानंतर त्याचं आमच्याकडे येणं कमी झालं.

घरात देवी राहिली म्हणून आपल्या प्रार्थनेची धार कमी होते, असं बाच्या मनाने घेतलं. आयच्या माहेरून आलेला देवीचा चांदीचा टाक होता, तिच्या आजीपासूनचा. एके दुपारी मी कामावरून लवकर आले, तर आय कोनाड्यासमोर बसलेली, कोनाडा रिकामा. बाने सगळं फडक्यात बांधून खाडीत टाकलं होतं. आय रडली नाही. तिने त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं सोडलं. जेवण वाढायची, ताट सरकवायची, बस्स. बा म्हणायचा, “बघ, हिच्यातला दुष्ट आत्मा कसा गप झाला.”

त्यानंतरच्या पावसाळ्याच्या तोंडाशी आयच्या पायात शिंगाळा माशाचा काटा गेला. शिंगाळ्याचा काटा विषारी, चांगला गडी ओरडतो. आयला साखरेचा आजार होता, मी तिला कंपनीच्या डॉक्टरला विचारून गोळ्या आणून द्यायचे. जखम भरेना. पाऊल सुजलं, मग काळं पडू लागलं. मी म्हटलं, पालघरला मोठ्या दवाखान्यात नेऊ. बाने गोळ्यांची पट्टी माझ्या हातातून घेतली आणि एकेक गोळी फोडून गटारात टाकली.

“गोली म्हंजे अविश्वास. माझ्या घरात अविश्वास नाय चालनार. लोक माझ्याकडे येतात आन् माझी बायको दवाखान्यात जानार?”

“बा, तुला सलाइन लावली होती. विसरलास?”

त्याने माझ्या तोंडात मारली. दारू सोडल्यापासून त्याने कोणावर हात उचलला नव्हता. मी खाली बसले आणि वाट पाहू लागले. पूर्वी मारल्यावर तो सकाळी रडायचा, आणि आम्हाला वाटायचं की मारणारा तो नव्हताच, दारू होती. या वेळी सकाळ झाली. तो उठला, तोंड धुतलं, चहा प्याला. तो पूर्ण शुद्धीत होता आणि त्याला रडू आलं नाही.

तो आयचं पाऊल दोन्ही हातांत धरून बसायचा. दाबायचा. ती कळवळायची, तो जास्त मोठ्याने हुकूम सोडायचा. “निघ! निघ म्हनतो!” लोकही बसायचे, गाणी म्हणायचे. आयने भिंतीकडे तोंड फिरवलेलं असायचं. घरात वास येऊ लागला. उदबत्ती लावायची बंदी होती, त्यामुळे वास लपवायलाही काही नव्हतं. मी कामावर जाताना रिक्षावाल्याला सांगून ठेवायचे, संध्याकाळी ये, आणि संध्याकाळी बा दारात उभा असायचा. मी शेजाऱ्यांकडे गेले. शेजारीण म्हणाली, “तुमचा देव बघून घेईल ना.” मी मोठ्या काकाकडे गेले. तो जाळं आवरत होता, मान वर न करता म्हणाला, “सडू दे. गावाला कलू दे.” मला आयचा जीव वाचवायचा होता. त्या दोघा भावांना एकमेकांना हरवायचं होतं.

शेवटी मी सालवडला गेले. फिटर पाळीवरून नुकताच आला होता, हाताचं ग्रीस निघालेलं नव्हतं. मी सांगत असताना त्याने मध्येच चपला घातल्या.

आमच्या घरी प्रार्थना चालू होती. तो आत आला, त्याने पायावरचं फडकं उचललं, पाहिलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं. मान झटकली, पुन्हा झटकली, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, पण शब्द येईना. बसलेले लोक वाट पाहत होते. त्याने बोलायचा नाद सोडला, वाकून आयला दोन्ही हातांवर उचललं आणि दाराकडे निघाला. बा आडवा झाला.

“ठेव तिला खाली. माझी बायको हाय.”

आय कितीतरी महिन्यांनी त्याच्याशी बोलली. “बाजूला हो. मला जगायचंय.”

बा बाजूला झाला नाही. त्या माणसाने खांद्याने त्याला ढकललं, बा चौकटीवर आपटला, आणि आम्ही रिक्षात बसलो.

पालघरला डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापला. आधी आला असतात तर एखादं बोट गेलं असतं, असं ते म्हणाले. हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं.

बा दुसऱ्या दिवशी आला. वॉर्डात सगळ्या खाटा भरलेल्या होत्या, भेटायला आलेली माणसं होती. त्याने चादरीखालचा आकार पाहिला, एका बाजूला चादर सपाट होती. त्याचा चेहरा मी पाहत होते. मला वाटलं, आता तरी. पण तो खाटेजवळ उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “हिचा विश्वास नव्हता म्हनून पाय गेला.”

फिटर खाटेच्या पलीकडे स्टुलावर बसला होता. तो उठला. त्याने बोलायला सुरुवात केली आणि या वेळी मध्येच सोडलं नाही. प्रत्येक शब्द असा खेचून काढत होता की वॉर्डातली बाकीची बोलणी थांबली. एक नर्स हातातली बाटली तशीच धरून उभी राहिली.

“द-द-दारू छो-छोड़ी तूने. मा-मा-मा...” तो थांबला, डोळे मिटले, परत घेतलं. “मारना न-नहीं छोड़ा.”

बाने वॉर्डभर पाहिलं. मग तो खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसला. आय छताकडे पाहत होती. तिने एकदाही खाली पाहिलं नाही.

यानंतर बा सुधारला आणि सगळं गोड झालं, असं सांगता आलं असतं तर मला आवडलं असतं. आय घरी आली ती वेगळी होऊन आली. कान गेला, देवी गेली, पाय गेला. तिने बाला पहिलं वाक्य ऐकवलं ते असं, “माझी देवी आनून दे.”

तो खाडीवर गेला. ओहोटीला चिखलात उतरला, कंबरेपर्यंत. सगळं गाव बांधावर जमलं. ज्याने देव बुडवले तोच देव शोधतोय, याहून मोठी करमणूक त्या वर्षी झाली नसेल. पोरं चिखलाचे गोळे मारत होती. मोठा काका ओरडला, “तुझ्या येशूला विचार की, कुठं टाकली ती!” बा हात घालून चाचपत राहिला. भरती आली की बाहेर यायचा, ओहोटीला परत जायचा. शंख, काचा, तुटलेली चप्पल, एवढंच निघालं. काचेने हात कापले. टाक सापडला नाही. सालवडच्या लोकांनाही हे आवडलं नाही, मूर्ती शोधायला गेला म्हणून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. एकटा तो फिटर तेवढा बांधावर उभा राहायचा, पाण्याची बाटली घेऊन.

“नाय सापडत,” बाने येऊन आयला सांगितलं.

“मग आता तूच कर सगलं,” आय म्हणाली.

तिने त्याला सोडलं नाही. मला वाटायचं, ती ज्याची वाट पाहत होती ते आता तिच्या हातात आलं होतं. तिचं न्हाणं, तिचं भांडं उचलणं, जखम धुणं, सगळं बा. पाणी गरम म्हणून ती तांब्या फेकून मारायची. गार म्हणून परत फेकायची. शेजारणी बसलेल्या असताना तुटलेला पाय पुढे करून म्हणायची, “कर ना हुकूम. उगव म्हनून सांग त्याला.” बा फडक्याने पाय कोरडा करत राहायचा. मी एकदा आयला म्हटलं, पुरे कर. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी परत म्हटलं नाही.

तो तिला खांद्यावर घेऊन रिक्षात बसवायचा, बोईसरच्या बाजारात फळीवर बसवायचा आणि शेजारी बसून मासे साफ करायचा. आमच्यात बाजारात बसून मासे कापणारा पुरुष नसतो, ते बायांचं काम. इतर कोळणी त्याला ‘वहिनी’ म्हणून हाक मारायच्या. “ओ वहिनी, जरा सुरी द्या!” तो सुरी द्यायचा. गुत्ता बाजाराच्या मागेच आहे, वास फळीपर्यंत येतो. एवढं सगळं होत असताना हा माणूस संध्याकाळी एक घोट मारायला गेला असता तर मी त्याला दोष दिला नसता. तो गेला नाही. अंगणात गर्दी जमायची तेव्हा मला त्याच्यात जी शक्ती दिसली नव्हती, ती मला इथे खवले उडालेल्या चेहऱ्यावर दिसली. तोंडाने तो आता देवाचं नावही घेत नव्हता. प्रार्थना सोडलीस का, असं मी विचारलं तर म्हणाला, “करतो. आतल्या आत.”

गेल्या वर्षी बेटेगावहून एक बाई फळीपाशी आली. तिने मासे घेतले नाहीत. तिच्या हातावर डाग होते, बिडीच्या चटक्यांचे. तिने बाला हळूच विचारलं, “तुमी दारू सोडवता ना? माझ्या माणसाला बघा एकदा.”

“मी नाय करत आता,” बा म्हणाला आणि पापलेटाचं पोट फाडायला घेतलं.

आयने डावा कान पुढे केला होता, तिने सगळं ऐकलं. ती बाईच्या हाताकडे बघत राहिली. मग तिने बाच्या हातातली सुरी काढून घेतली.

“जा.”

बाने तिच्याकडे पाहिलं.

“जा म्हनते ना. पन तोंड उघडायचं नाय. हुकूम नाय, गानी नाय. हात ठेव, बस त्याच्यापाशी. आन् आधी डाक्टरकडे ने.”

तो गेला. मी रजा टाकून बरोबर गेले, मला त्याच्यावर अजून पुरता भरवसा नव्हता. त्या माणसाने आम्हाला आईबहिणीवरून शिव्या दिल्या. बा त्याच्या खोलीत भिंतीला टेकून बसला. तो बाच्या अंगावर थुंकला. बाने पुसलं. डॉक्टरकडे यायला तो तयार झाला नाही. बाने डोक्यावर हात ठेवला, त्याने झटकला, बाने परत ठेवला. संध्याकाळपर्यंत आम्ही तिथेच होतो. तो माणूस रडला नाही, खाली कोसळला नाही, काहीच झालं नाही. अंधार पडायच्या आत त्याने गादीखालून बाटली काढली आणि आमच्यासमोर प्याला.

परत आलो तेव्हा आय उरलेल्या मासळीवर बर्फ टाकत होती.

“काय फरक?”

बाने मान हलवली. “नाय.”

“ती बाई त्याच्याच घरात हाय ना अजून?”

“हाय.”

“मग उद्या परत जा,” आय म्हणाली, आणि टोपली बांधायला दोरी मागितली.